जनावरांची ओळख व मागोवा : नियम आणि गावाची जबाबदारी

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३९ लाख गाई-बैल आणि ५६ लाख म्हशी आहेत. राज्याच्या ग्रामीण जीवनात जमिनीच्या खालोखाल महत्त्वाची मालमत्ता कोणती, असे विचारल्यास गोठ्यातील जनावर हेच उत्तर मिळेल. जिरायत भागातील अल्पभूधारक कुटुंबाला तर एका दुभत्या म्हशीचा आधार जमिनीच्या तुकड्यापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो. असे असूनही जमिनीची नोंद सातबाराच्या उताऱ्यावर होते, माणसाच्या जन्म-मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात होते. परंतु जनावराची वैयक्तिक नोंद मात्र अगदी अलीकडेपर्यंत बहुतेक गावांत कोठेही होत नव्हती.

पशुगणना दर पाच वर्षांनी व्हावी असा प्रघात आहे. तथापि, गणना आणि ओळख या दोन भिन्न गोष्टी आहेत. गणनेमुळे तालुक्यात गाई किती आहेत हे कळते. त्यांपैकी अमुक एक गाय कोणाच्या मालकीची, तिचा जन्म कोठला, तिला कोणत्या रोगाची लस केव्हा टोचली आणि गेल्या पंधरवड्यात ती कोणकोणत्या ठिकाणी फिरून आली, या प्रश्नांची उत्तरे गणना देऊ शकत नाही. ही उत्तरे देणारी पद्धती म्हणजेच जनावरांची ओळख व मागोवा. गेल्या काही वर्षांत या विषयाला कायद्याचे व नियमांचे अधिष्ठान प्राप्त झाले आहे. हे नियम कोणते, त्यांच्यामागील शास्त्र कोणते आणि त्यांची अंमलबजावणी गावपातळीवर कोठे अडते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

आरंभीच एक मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. कानातील बिल्ला म्हणजे ओळख, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः बिल्ला हे ओळखीचे साधन आहे. खरी ओळख दप्तरातील नोंदीने होते आणि ती नोंद जन्मापासून मृत्यूपर्यंत अखंड राहिली तरच मागोवा घेता येतो. ही अखंडता राखण्याचे काम मुंबईस किंवा दिल्लीस होणारे नाही. ते गावातच व्हावयाचे आहे.

जुनी परंपरा

गुरांवर खूण करण्याची कल्पना आपल्याकडे परकी नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत गुरांच्या कानांवरील खुणांचा उल्लेख येतो. पाच व आठ या अंकांच्या, स्वस्तिकाच्या, स्रुवा म्हणजे यज्ञातील पळीच्या आकाराच्या, तसेच कानास छिद्र पाडून किंवा तो चिरून केलेल्या खुणा त्या काळी प्रचलित होत्या, असे त्यावरून दिसते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोध्यक्ष या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. वासराचा जन्म झाल्यापासून महिना-दोन महिन्यांत त्यावर खूण करावी. ती खूण, अंगावरील नैसर्गिक चिन्ह, रंग आणि दोन शिंगांमधील अंतर यांची नोंद ठेवावी, असा तेथे दंडक आहे. इतकेच नव्हे, तर हरवलेली जनावरे व मेलेली जनावरे यांची निरनिराळी नोंद ठेवण्यास सांगितले असून, गाय किंवा म्हैस मेल्यास खूण असलेले कातडे पुरावा म्हणून सादर करावे, असाही नियम आहे. जन्माची नोंद, वर्णनाची नोंद आणि मृत्यूचा पुरावा ही तिन्ही तत्त्वे आजच्या नियमांतही जशीच्या तशी आढळतात.

गावगाड्यात जनावराची ओळख वर्णनावर चालत आली. ढवळी, तांबडी, बांडी असे रंग, कपाळावरील चांद, पाठीवरील किंवा मानेवरील भोवरा, शिंगांची ठेवण, आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला अशी दातांवरून ठरणारी वयाची पायरी, गाय-म्हशीच्या बाबतीत कितवे वेत, या सर्वांचा उल्लेख खरेदी-विक्रीच्या पावतीत होत असे. एकमेकांना ओळखणाऱ्या पाच-दहा गावांच्या पंचक्रोशीत एवढे वर्णन पुरेसे होते. आज ते पुरत नाही. सांगोल्याच्या बाजारात खिलार जातीच्या बैलांची रांग लागली असता पांढरा रंग, उंच शिंगे, चार दाती हे वर्णन एकाच वेळी कितीतरी बैलांना लागू पडते. घोडेगावसारख्या मोठ्या बाजारात दूरदूरच्या तालुक्यांतून जनावरे येतात व तितक्याच दूर जातात. घेणारा व विकणारा यांची पुन्हा गाठ पडेलच असे नाही. व्यवहाराचे क्षेत्र विस्तारले की वर्णनाची जागा क्रमांकाने घ्यावी लागते.

चांगल्या खुणेची लक्षणे

ओळखीची खूण चार कसोट्यांना उतरली पाहिजे. पहिली, ती एकमेव असावी. तीच खूण दुसऱ्या कोणत्याही जनावरावर नसावी. दुसरी, ती जनावराच्या आयुष्यभर टिकावी. तिसरी, सामान्य माणसाला ती सहज वाचता यावी. चौथी, ती बदलणे किंवा काढून टाकणे अवघड असावे. प्रचलित पद्धतींपैकी एकही पद्धती या चारही कसोट्यांना पूर्णपणे उतरत नाही, हे लक्षात घेणे इष्ट ठरेल.

तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची रीत जुनी व टिकाऊ आहे. परंतु ती जनावरास वेदना देते, कातड्याचे मोल कमी करते आणि डागाने लांबलचक क्रमांक लिहिता येत नाही. कानावरील गोंदण आयुष्यभर राहते, पण ते वाचण्यासाठी जनावर धरून कान पुसावा लागतो आणि काळ्या कातडीच्या म्हशीच्या कानावर ते नीट दिसत नाही. प्रत्येक जनावराच्या नाकाच्या ओल्या पृष्ठभागावरील रेषा माणसाच्या बोटाच्या ठशाप्रमाणे वेगळ्या असतात. त्यांचा उपयोग ओळखीसाठी करण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून होत आले असून, संगणकामुळे त्यांना आता नवी चालना मिळाली आहे. तथापि, बाजारात उभे राहून असा ठसा डोळ्यांनी वाचता येत नाही. रेडिओ लहरींवर चालणारा सूक्ष्म संच बिल्ल्यात किंवा कातडीखाली बसवितात. त्यात १५ अंकी क्रमांक असतो. परंतु तो वाचण्यास स्वतंत्र यंत्र लागते.

प्लॅस्टिकच्या बिल्ल्याचा मोठा गुण म्हणजे तो स्वस्त आहे आणि ज्याला अंक वाचता येतात त्याला तो वाचता येतो. त्याचा दोष म्हणजे तो गळून पडू शकतो, झुडपात अडकून कान फाटू शकतो आणि वाईट हेतूने तो कापूनही टाकता येतो. म्हणूनच बिल्ल्याला नोंदीची जोड अपरिहार्य ठरते.

बारा अंकी क्रमांक

आपल्या देशात गाई-म्हशींसाठी १२ अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला स्वीकारण्यात आला आहे. क्रमांकासोबत पट्ट्यांची सांकेतिक खूण म्हणजे बारकोडही छापलेला असतो. लाळ्या खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांच्या नियंत्रणासाठी ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरा येथून राष्ट्रीय कार्यक्रमाचा प्रारंभ झाला, तेव्हापासून या कामाला वेग आला. लस टोचलेल्या प्रत्येक जनावराची नोंद व्हावी, ही या कार्यक्रमाची मूळ अट आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पूर्वी विकसित केलेल्या ‘इनाफ’ या संगणकीय नोंदवहीची जागा पुढे ‘भारत पशुधन’ प्रणालीने घेतली. २ मार्च २०२४ रोजी ही प्रणाली राष्ट्रास अर्पण करण्यात आली.

प्रथम नोंदणीच्या वेळी मालकाचे नाव व गाव, जनावराचा प्रकार, जात, लिंग आणि वय यांची माहिती क्रमांकाशी जोडली जाते. त्यानंतर लसीकरण, कृत्रिम रेतन, गर्भतपासणी, विणे, आजार व उपचार आणि मालकीतील बदल यांच्या नोंदी त्याच क्रमांकाखाली येतात. बिल्ल्यावरील अंक स्वतः काहीही सांगत नाहीत. ते नोंदवहीचे पान उघडून देतात. पान कोरे असेल, तर बारा अंकांचा उपयोग शून्य होय.

बिल्ला बसविण्याची रीत सोपी असली तरी काळजीपूर्वक पाळली पाहिजे. जनावर नीट बांधून घ्यावे. कान स्वच्छ करून जंतुनाशक लावावे. कानाच्या मध्यभागी, ठळक रक्तवाहिन्या टाळून, क्रमांक समोरून वाचता येईल अशा रीतीने बिल्ला बसवावा. शक्यतो सकाळच्या थंड वेळी हे काम करावे. पावसाळ्यात माश्यांचा उपद्रव असताना जखमेत आसाडी पडण्याचा संभव असतो. म्हणून पुढील काही दिवस मालकाने कान पाहत राहावे व जखम चिघळल्यास दवाखान्यात कळवावे. एखाद्या गावात पाच-सात जनावरांचे कान चिघळले की उरलेले पशुपालक बिल्ला लावून घेण्यास नकार देतात, हा अनुभव आहे. तेव्हा हातोटी हाही नियमाच्या अंमलबजावणीचाच एक भाग समजला पाहिजे.

मागोवा कशासाठी?

लाळ्या खुरकूत रोगाचे उदाहरण घेऊ. या रोगाचे विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे २ ते १४ दिवस जातात. लक्षणे दिसण्यापूर्वीच जनावराच्या श्वासातून व दुधातून विषाणू बाहेर पडू लागतात. समजा, रविवारच्या बाजारात एक बैलजोडी विकली गेली. गुरुवारी नव्या मालकाच्या गोठ्यात त्यांतील एका बैलाच्या तोंडातून लाळ गळू लागली. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास आता दोन दिशांनी शोध घ्यावयाचा असतो. मागे वळून : हा बैल बाजारात कोठून आला, वाटेत व्यापाऱ्याच्या कोणत्या वाड्यावर मुक्काम झाला? पुढे वळून : त्याच दावणीला बांधलेली इतर जनावरे कोणी खरेदी केली व ती कोणत्या गावांना गेली? क्रमांकाच्या नोंदी असतील, तर हा शोध एका दिवसात पुरा होऊ शकतो. त्या नसतील, तर माणसांच्या आठवणींवर विसंबावे लागते आणि आठवण जुळेपर्यंत रोगाने आणखी दहा गावे गाठलेली असतात.

विलंबाची किंमत किती असते, हे ब्रिटनमधील २००१ च्या साथीवरून दिसून आले. तेथे या रोगाचे पहिले निदान २० फेब्रुवारी रोजी झाले व २३ फेब्रुवारीस जनावरांची वाहतूक थांबविण्यात आली. तोपर्यंत मेंढ्यांच्या बाजारांतून रोग दूरदूर पोहोचला होता. गाई-बैलांसाठी तेथे १९९६ पासून प्रत्येकी स्वतंत्र ओळखपत्र व १९९८ पासून मध्यवर्ती नोंदवही होती. मेंढ्यांची वैयक्तिक नोंद मात्र नव्हती. साथ आटोक्यात येईपर्यंत साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. नोंदीची व्यवस्था एका प्रकारच्या जनावरांपुरतीच राहिली, तर उरलेल्या जनावरांच्या वाटेने रोग येतो, हा त्यातील धडा आहे. आपल्याकडे रोगी जनावरे सरसकट मारण्याचा मार्ग अवलंबिला जात नाही. त्यामुळे लसीकरण व वाहतुकीवरील नियंत्रण हेच दोन उपाय हाती उरतात आणि दोन्ही उपाय नोंदीवर अवलंबून आहेत.

सांसर्गिक गर्भपाताच्या बाबतीत नोंदीचे महत्त्व अधिकच सूक्ष्म आहे. ही लस ४ ते ८ महिने वयाच्या कालवडींना व पारड्यांना आयुष्यात एकदाच द्यावयाची असते. मोठ्या जनावरास ती दिल्यास रक्तपरीक्षेत पुढे दीर्घकाळ रोग असल्याचा आभास होऊ शकतो. म्हणजे कोणत्या कालवडीला लस मिळाली हे नेमके ठाऊक नसेल, तर परीक्षेचा निष्कर्षही संशयास्पद होतो. हा रोग माणसालाही होतो. कच्चे दूध पिणाऱ्यांना आणि गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हाताने काढणाऱ्यांना त्याचा धोका असतो. तेव्हा ही नोंद गोठ्यापुरती नसून घरातील माणसांच्या आरोग्याचीही आहे.

२०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाने आपल्या राज्यासही याचा प्रत्यय दिला. चावणाऱ्या माश्या, डास व गोचिडे यांच्याद्वारे पसरणारा हा रोग बाधित जनावरांच्या वाहतुकीमुळे नव्या भागांत पोहोचतो. त्या वर्षी ऑगस्टपासून जळगाव जिल्ह्यात व पुढे राज्यभर तो पसरला. सप्टेंबर २०२२ मध्ये संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र घोषित करून गुरांचे बाजार, वाहतूक व शर्यती यांवर निर्बंध घालावे लागले. मृत जनावरांच्या मालकांसाठी शासनाने साहाय्य जाहीर केले. दुधाळ जनावरासाठी ३० हजार, ओढकामाच्या बैलासाठी २५ हजार व वासरासाठी १६ हजार रुपये, असे त्याचे प्रमाण होते. मृत जनावर कोणाचे व कोणत्या गटातले, हे ठरविल्यावाचून असे साहाय्य देता येत नाही. गोठ्यातून मढे उचलले गेल्यावर पुरावा गोळा करणे किती कठीण असते, हे पंचनामा करणारा प्रत्येक कर्मचारी जाणतो.

रोगाव्यतिरिक्तही या नोंदींचा उपयोग आहे. वळूची खरी परीक्षा त्याच्या मुलींच्या दुधावरून होते. कोणती कालवड कोणत्या वळूच्या रेताची हे लिहून ठेवले नसेल, तर निवड अंदाजावर चालते आणि जवळच्या रक्तसंबंधात पैदास होऊन वंश खालावतो. देवणी, डांगी, गवळाऊ, लाल कंधारी, खिलार या आपल्या गाई-बैलांच्या आणि पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी या म्हशींच्या जातींचे जतन व्हावयाचे, तर त्यांच्या वंशावळीची नोंद हाच त्याचा पाया आहे.

कायदा व नियम

या विषयाचा मुख्य आधार म्हणजे प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९. ग्रामपंचायत सदस्यांनी त्यातील तीन तरतुदी विशेष ध्यानात ठेवाव्यात. पहिली, आपल्या जनावरास अनुसूचित रोग झाला असावा असे वाटल्यास मालकाने ग्राम अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळविले पाहिजे आणि त्यांनी ती गोष्ट जवळच्या पशुवैद्यकास लेखी कळविली पाहिजे. दुसरी, रोगी जनावर इतरांपासून वेगळे ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. तिसरी, लस टोचलेल्या जनावरावर ओळखीची खूण करून प्रमाणपत्र द्यावयाचे असते व ती खूण काढून टाकता येत नाही. नियंत्रित क्षेत्र घोषित झाल्यावर त्या क्षेत्रातून होणाऱ्या जनावरांच्या हालचालींवर निर्बंध येतात.

वाहतुकीसंबंधी १९७८ चे नियम आहेत. त्यांनुसार गुरांची वाहतूक करण्यापूर्वी ती प्रवासास योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र आवश्यक आहे.

राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयाने या सर्वांना निश्चित रूप दिले. त्यानुसार १ जून २०२४ पासून पुढील गोष्टी बिल्ल्याशी निगडित करण्यात आल्या :

१. पशुवैद्यकीय संस्थांमधून मिळणाऱ्या सेवांसाठी जनावरास बिल्ला असणे आवश्यक.

२. कृषि उत्पन्न बाजार समित्या, आठवडी बाजार व गावातील व्यवहार यांमध्ये बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करावयाची नाही.

३. वाहतुकीचे प्रमाणपत्र देताना बिल्ल्याची नोंद पाहावयाची. परराज्यांतून येणाऱ्या जनावरांची सीमेवर तपासणी करावयाची.

४. ग्रामपंचायतीने विक्रीचा दाखला देताना त्यात बिल्ल्याचा क्रमांक नमूद करावयाचा.

५. नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्य पशूंचा हल्ला यांमुळे जनावर दगावल्यास, बिल्ला नसल्यास नुकसानभरपाई देय नाही.

६. जनावर विकल्यावर मालकी हक्कातील बदल भारत पशुधन प्रणालीवर नोंदवून घ्यावयाचा.

विम्याच्या व्यवहारात ‘बिल्ला नाही तर दावा नाही’ हे तत्त्व फार पूर्वीपासून चालत आले आहे. शासनाच्या निर्णयाने त्याची व्याप्ती वाढली, असे म्हणता येईल.

साखळी कोठे तुटते?

नियम स्पष्ट असले तरी नोंदींची साखळी पाच ठिकाणी तुटते.

पहिले ठिकाण म्हणजे वासरू. मोहिमेच्या वेळी गोठ्यातील मोठ्या जनावरांना बिल्ले लावले जातात. त्यानंतर जन्मलेले वासरू पुढील मोहिमेपर्यंत नोंदीबाहेर राहते. गोऱ्हे तर बिल्ल्याविनाच बाजारात जातात.

दुसरे ठिकाण विक्री. जनावर नव्या मालकाच्या दारी जाते, पण दप्तरात जुन्याच मालकाचे नाव राहते. पुढे ते जनावर विजेने दगावले, तर नव्या मालकाचा दावा अडतो. ते रोगी निघाले, तर अधिकारी चुकीच्या गावात शोध घेत राहतात.

तिसरे ठिकाण गळून पडलेला बिल्ला. नवा बिल्ला लावताना जुना क्रमांक विचारला गेला नाही, तर एकाच जनावराच्या दोन नोंदी होतात. एक नोंद अकारण जिवंत राहते आणि दुसरीत मागील लसीकरणाचा मागमूस उरत नाही. यास्तव पशुपालकाने प्रत्येक जनावराचा क्रमांक घरातील वहीत लिहून ठेवावा. भ्रमणध्वनीवर बिल्ल्याचे छायाचित्र काढून ठेवणे हा त्याहून सोपा मार्ग आहे.

चौथे ठिकाण मृत्यू. मृत जनावराची नोंद बंद करावी, याचे भान क्वचितच राहते. परिणामी कागदावरील संख्या फुगते, लशीची मागणी चुकते आणि मृत जनावराचा बिल्ला दुसऱ्याच्या कानात जाण्याची वाट मोकळी होते.

पाचवे ठिकाण स्थलांतर. ऊसतोडणीच्या हंगामात बीड व लगतच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे आपली बैलजोडी घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. लाळ्या खुरकुतीची लस सहा महिन्यांच्या अंतराने द्यावयाची असते. गावात मोहीम होते तेव्हा बैल कारखान्यावर असतात आणि कारखान्याच्या परिसरात मोहीम होते तेव्हा ते ‘बाहेरगावचे’ ठरतात. ज्या जनावरांचा प्रवास सर्वांत लांबचा आणि मुक्काम सर्वांत दाटीचा, तीच दोन्हीकडून सुटतात. क्रमांक देशभर एकच असल्याने कोणत्याही गावी लस टोचून त्याच पानावर नोंद करता येते. बैल कोणत्या गावचा, हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही.

गावाने काय करावे?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातील ग्रामसूचीत गुरांची सुधारणा व त्यांची निगा यांचा समावेश पूर्वीपासून आहे. त्यास अनुसरून ग्रामपंचायतींना पुढील गोष्टी विशेष खर्चाविना करता येतील.

विक्रीचा दाखला देण्यापूर्वी सरपंचांनी किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी जनावर प्रत्यक्ष पाहून बारा अंक स्वतः वाचावेत. मालकाने सांगितलेला क्रमांक न पाहता लिहिणे म्हणजे दाखल्याचे मोल घालविणे होय. दाखल्यावर घेणाऱ्याचे गाव व तालुका यांचाही उल्लेख असावा. महिन्यातून एकदा, त्या महिन्यात गावातून विकलेली, गावात आणलेली, जन्मलेली व मेलेली जनावरे यांची चार सदरांची यादी पशुवैद्यकीय दवाखान्याकडे पाठवावी. मासिक सभेच्या कामकाजात या यादीस पाच मिनिटे दिली तरी पुरेशी आहेत. ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांच्या बैलांचे लसीकरण प्रस्थानापूर्वी पुरे व्हावे, यासाठी दसऱ्याच्या सुमारास शिबिर मागून घ्यावे.

शिक्षकांना या कामी मोलाचा हातभार लावता येईल. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी आपापल्या गोठ्यातील जनावरांचे क्रमांक, वय, वेत व शेवटच्या लसीची तारीख वहीत उतरवावी. त्या माहितीवरून गावातील बिल्ला असलेल्या व नसलेल्या जनावरांचे शेकडा प्रमाण काढावे. गणिताचा पाठ होईल, परिसराचा अभ्यास होईल आणि घरातील वहीची सवयही लागेल. मात्र मुलांनी लांबूनच अंक वाचावेत. मारक्या जनावराजवळ जाऊ नये आणि हे काम मोठ्यांच्या समक्ष करावे, अशी सक्त सूचना द्यावी.

पशुसंवर्धन खात्याच्या अधिकाऱ्यांवरील जबाबदारी याहून मोठी आहे. बिल्ला नसल्यास भरपाई नाही, असा नियम करणाऱ्या शासनावर प्रत्येक गोठ्यापर्यंत बिल्ला पोहोचविण्याचे बंधन ओघानेच येते. रस्त्यालगतच्या दूध संकलन केंद्राच्या गावात हे काम सहज होते. मेळघाटातील पाड्यावर, सह्याद्रीच्या माथ्यावरील धनगरवाड्यावर किंवा रानात चरावयास सोडलेल्या डांगी गुरांच्या कळपात ते होत नाही. वाघ-बिबट्याचा हल्ला मात्र याच ठिकाणी संभवतो. ज्याला भरपाईची गरज सर्वाधिक, त्याचेच जनावर नोंदीबाहेर राहिले, तर नियमाचा भार नेमका दुर्बळावर पडेल. म्हणून मोहिमेचा आराखडा आखताना दवाखान्यापासून सर्वांत दूरचे गाव प्रथम, हा क्रम ठेवणे न्यायाचे होईल. बिल्ल्यासाठी अर्ज करूनही तो मिळाला नसल्यास ग्रामपंचायतीने त्या अर्जाची पोच जपून ठेवावी व तशी लेखी सूचना तालुक्याच्या अधिकाऱ्यांना द्यावी.

पशुपालकांच्या मनातील शंकाही दूर केल्या पाहिजेत. बिल्ला लावला म्हणजे जनावर सरकारजमा होईल, दूध आटेल, गाय गाभडेल, अशा समजुती काही भागांत आढळतात. कानाची जखम काही दिवसांत भरून येते, दुधाशी किंवा गर्भाशी तिचा संबंध नसतो आणि नोंदीमुळे मालकी हक्क कमी न होता तो सिद्ध करणे सोपे जाते. चोरीस गेलेले जनावर सापडल्यावर ते आपलेच आहे हे पोलीस ठाण्यात दाखविताना बारा अंकांइतका सरळ पुरावा दुसरा नाही. या गोष्टी ग्रामसभेत, साध्या शब्दांत आणि पुनःपुन्हा सांगाव्या लागतील.

सातबारावर नाव लागल्याशिवाय जमीन घेतल्याचे समाधान आपल्या शेतकऱ्याला वाटत नाही. फेरफार झाला की नाही, हे तो तलाठ्याच्या चावडीवर चार खेपा घालून पाहतो. तोच आग्रह जनावराच्या बाबतीत रुजला पाहिजे. बाजारातून गाय घेऊन येणाऱ्याने दावे बदलले, कासरा बदलला, ओवाळून तिला गोठ्यात घेतले; त्यानंतर दप्तरातील नावही बदलून घेतले, म्हणजे ती गाय खऱ्या अर्थाने त्याची झाली. ज्या गावात ही रीत पडेल, त्या गावात पुढची साथ आली तरी तिचा माग लवकर लागेल आणि दगावलेल्या जनावराच्या मालकाला आपल्या हक्कासाठी कोणापुढे हात पसरावे लागणार नाहीत.